कोथळीगडाची किल्ली, भीमाशंकरची घंटा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विजेत्यांनी नेलेल्या राजचिन्हांची राज्यात नोंद ठेवण्याबाबत आणि त्या कामाची सुरुवात कर्जत तालुक्यातून करण्याबाबत



मंत्रिमहोदय, जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्याच एका लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. राज्य सरकारने ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. त्याच वर्षी ११ जुलैला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. या तिन्ही गोष्टींचा आनंद आम्हा कर्जत-खालापूरकरांनाही झाला. आमच्या रायगड जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी त्या बारांत आहेत, याचा अभिमानही आहे. तरीही एक मोठे काम घराच्या उंबऱ्याशीच पडून आहे. ते फारसे खर्चाचे नाही आणि त्यासाठी लंडनला जावे लागत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते उघडपणे, कारण हा विषय एका तालुक्यापुरता नाही.

कर्जतहून निघून कशेळ्याला आले की दोन वाटा होतात. एक आंबिवलीकडे जाते. तिथून चढ चढून पेठ गावात पोचले की समोर कोथळीगडाचा सुळका उभा राहतो. आम्ही त्याला पेठचा किल्ला म्हणतो. दुसरी वाट खांडसला जाते आणि तिथून गणेश घाटाने किंवा शिडीच्या वाटेने भीमाशंकरला चढते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला आमच्याकडची माणसे याच वाटांनी देवाला जातात. पहिल्या वाटेच्या शेवटी आमच्याकडून नेलेल्या एका वस्तूची आठवण आहे, दुसरीच्या शेवटी आपण जिंकून आणलेली एक वस्तू आहे. मला जे मागायचे आहे ते या दोन्ही वाटा मिळून आहे.

आधी पेठची हकिकत. कोथळीगड आकाराने लहान. पण घाटमाथा आणि कोकण यांच्यामधल्या वाटांवर नजर ठेवणारा, म्हणून छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात त्याचे महत्त्व मोठे होते. गडावर शस्त्रांचा साठा होता. नोव्हेंबर १६८४ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने तो घेतला. अब्दुल कादर या सरदाराने आधी आसपासची माणसे फोडली. मग शस्त्रे न्यायला आपलीच माणसे आली आहेत असे समजून गडकऱ्यांनी दार उघडले आणि मुघल आत शिरले, असे या लढाईचे वर्णन मिळते. गड परत घेण्यासाठी मराठे धावून आले आणि त्या झुंजीत नारोजी त्रिंबक पडले. बादशहाची छावणी तेव्हा अहमदनगरला होती. गडाची सोन्याची किल्ली तिकडे रवाना झाली आणि बादशहाने गडाला ‘मिफ्ताहुल्फतह’, म्हणजे विजयाची किल्ली, असे नाव दिले, असे गडाच्या इतिहासात सांगितले जाते.

सोन्याच्या किल्लीने गडाचे कुलूप उघडत नाही, ते लोखंडाच्या किल्लीचे काम. सोन्याची किल्ली म्हणजे ताब्याची खूण. ती विजेत्याच्या हाती गेली की गड, गडाचा घेरा, घेऱ्यातली गावे आणि त्या गावांचा वसूल आता तुमचा, अशी कबुली त्या एका वस्तूत येते. तलवार, तख्त, छत्र, निशाण, नगारा, शिक्का, देवमूर्ती या साऱ्यांचे असेच असते. विजेता या वस्तू नेतो ते केवळ त्यांच्या किमतीसाठी नाही. हरलेल्यांना त्यांच्याकडे पाहून आपण कोण आहोत हे आठवत असते, आणि ती आठवणच त्याला उचलून न्यायची असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवराय सिंहासनावर बसले. सभासदाच्या बखरीप्रमाणे ते तख्त बत्तीस मण सोन्याचे होते. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी गडावर हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हे होती असे त्याने लिहून ठेवले आहे. एका बाजूला मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या, आणि एका मौल्यवान भाल्यावर समतोल लटकणारा सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा. रयतेच्या राज्याचा राजा तख्तावर बसताना शेजारी काय उभे करतो, हे एका परक्या माणसाच्या नजरेतून आपल्याला कळते.

पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १६८९ मध्ये, इतिकादखानाने रायगड घेतला. हाच पुढे झुल्फिकारखान म्हणून ओळखला गेला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहूराजे बादशहाच्या कैदेत गेले. येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ साल उजाडले. राजाराम महाराज जिंजीला पोचले, राज्य तगले, वाढले, अटकेपर्यंत गेले. सिंहासन मात्र त्यानंतर कोणाच्या दरबारात दिसले नाही. सोने वितळते. वितळले की त्यातला राजा, न्याय, कारागिराचा हात, सगळे जाऊन फक्त वजन उरते. पेठच्या किल्लीचेही तेच झाले असणार. अशा वस्तू परत मागायच्या कोणाकडे? दिल्लीत नाहीत, लंडनमध्येही नाहीत. त्या होत्या आणि नेल्या गेल्या एवढे लिहून ठेवणे, हाच त्या परत आणण्याचा एकमेव मार्ग आहे.

नेलेली प्रत्येक वस्तू नष्ट होते असेही नाही. काही टिकतात, आणि त्या का टिकल्या हे पाहण्यासारखे आहे.

अहमदनगरच्या निजामशाहीत १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाऱ्याने एक अजस्र तोफ ओतली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे आणि त्याच्या दाढांत हत्ती चिरडला जातो आहे. ही मुलुखमैदान. निजामशाहीच्या पडत्या काळात ती परांड्याहून विजापूरला गेली. साल १६३२. पुढे १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि त्या तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरला. इंग्रजी अमदानीत, १८५४ साली, ती दीडशे रुपयांना लिलावात गेली होती. तो सौदा एका अधिकाऱ्याने रद्द केला म्हणून ती वाचली. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. तीन सत्ता तिच्यावरून गेल्या आणि त्यांतल्या ओतणाऱ्या व जिंकणाऱ्या सत्तांचे लेख तिच्या अंगावर वाचता येतात. निजामशाहीने ओतली, मुघलांनी जिंकली, हे सांगायला तिला कोणा बखरकाराची गरज नाही.

त्याहून जुने उदाहरण आपल्या सीमेलगतचे आहे. अकराव्या शतकात राजाधिराज चोळाने चालुक्यांची राजधानी कल्याणी जाळली. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. तिथला एक दगडी द्वारपाल त्याने तमिळ देशात नेला आणि आपल्या ‘विजयराजेंद्र’ या किताबाने त्याच्या पायाशी लेख कोरला : कल्याणपुर जाळून विजयराजेंद्राने आणलेला हा द्वारपाल. लेख गर्वाचा आहे यात शंका नाही. पण त्या गर्वानेच त्या दगडाचा पत्ता जपला. जवळपास हजार वर्षांनंतरही तो द्वारपाल कुठला हे एका ओळीत कळते.

आणि जगात या विषयाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे स्कॉटलंडचा स्कोनचा दगड. स्कॉटिश राजांचा अभिषेक या तांबूस वालुकाश्मावर होत असे. १२९६ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंड जिंकले, तो दगड लंडनला नेला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आपल्या राज्याभिषेकाच्या खुर्चीखाली बसवला. योगायोग असा की त्याच १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवराय यादवांची संपत्ती घेऊन गेला. त्याच साली आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन विजेत्यांनी दोन राज्ये रिती केली. पण पुढची गोष्ट वेगळी झाली. देवगिरीहून काय काय गेले, याचे मोघम आकडेच हाती राहिले. स्कोनच्या दगडाची मात्र स्कॉटलंडने एक दिवसही आठवण सोडली नाही. १९५० च्या नाताळात ग्लासगोच्या चार विद्यार्थ्यांनी तो अ‍ॅबीतून काढून नेला. तो दुभंगला, सांधला गेला आणि पुढच्या एप्रिलमध्ये आरब्रोथच्या मठात मिळाला. तेव्हा तो पुन्हा लंडनला गेला. शेवटी १९९६ मध्ये, बरोबर सातशे वर्षांनी, तो रीतसर स्कॉटलंडला परत आला. राज्याभिषेकापुरता तो लंडनला न्यायचा आणि पुन्हा आणायचा असे ठरले. मे २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या अभिषेकाला तो गेला आणि परत आला. २०२४ पासून तो स्कोनजवळच्याच पर्थ शहराच्या संग्रहालयात आहे.

मंत्रिमहोदय, सातशे वर्षांनी तो दगड परत आला तो कोणी युद्ध जिंकले म्हणून नव्हे. तो कुठला, कोणी नेला, कधी नेला आणि कुठे ठेवला, यावर दोन्ही बाजूंत वादच नव्हता, म्हणून बोलणी होऊ शकली. पत्ता पक्का होता.

आपल्याकडे गुंठाभर जमिनीचाही सातबारा असतो. ती कोणाकडून कोणाकडे गेली याची फेरफार नोंद गावच्या चावडीत मिळते. राज्याच्या मानचिन्हांचा मात्र असा सातबारा नाही. कोणत्या गडावरून, कोणत्या राजवाड्यातून, कोणत्या देवळातून काय गेले, केव्हा गेले, कोणत्या कागदात त्याचा उल्लेख आहे आणि आज ती वस्तू आहे की नाही, हे सारे एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. माझी मागणी या एका गोष्टीची आहे.

आता दुसरी वाट. खांडसहून चढून भीमाशंकरला पोचल्यावर, शनिमंदिरासमोर दोन खांबांमध्ये टांगलेली एक मोठी घंटा दिसते. तिच्यावर मेरी आणि येशूची आकृती आहे. ही घंटा पोर्तुगिजांची. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण, आणि ती अप्पांनीच देवाला वाहिली असे सांगतात. अशाच घंटा वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी आहेत, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहेत. नारोशंकराच्या घंटेचे नाव तर आपल्या बोलण्यात रोज येते. या घंटा दोनशे वर्षे वसईच्या मुलखावर राज्य केलेल्या सत्तेच्या चर्चांमधल्या. आपण त्या जिंकून आणल्या.

हे लिहिताना मला कसलाही संकोच नाही आणि चिमाजीअप्पांच्या पराक्रमाबद्दल आदर तिळभरही कमी नाही. वसईचा वेढा ही मराठ्यांच्या इतिहासातली फार मोठी, फार रक्त सांडून मिळवलेली गोष्ट आहे. पोर्तुगीज अमलाखाली देवळे पाडली गेली, धर्म बदलायला लावले गेले. ते दुःख खोटे नव्हते, त्यातून तो वेढा उभा राहिला. वसई पडल्यावर शरण आलेल्यांना कुटुंबकबिल्यासह जाऊ दिले गेले, हेही लक्षात ठेवण्यासारखे. पण जे आपल्याकडून नेले ते लूट आणि आपण आणले तो केवळ विजय, अशी दोन मापे घेऊन जगापुढे उभे राहता येणार नाही. ऑक्झिंडेनने रायगडावर पाहिलेला तो तराजू आपल्यालाही तोलतो.

वसईचे ख्रिस्ती बांधव आज मराठीच बोलतात. त्यांच्या सामवेदी आणि वाडवळी बोली मराठीच्याच पोटातल्या आहेत. त्यांनी मराठी साहित्यात लिहिले आहे, महाराष्ट्राच्या लढ्यांत भाग घेतला आहे. भीमाशंकरच्या त्या घंटेसमोर वसईचा एखादा माणूस उभा राहिला तर त्याला तिथे एवढे तरी वाचायला मिळावे की ही घंटा त्याच्या गावची आहे, इतक्या साली इथे आली आणि इथल्या भाविकांनी ती अडीचशेहून अधिक वर्षे न वितळवता, तिच्यावरची आकृती न खरवडता जपली. हे शेवटचे वाक्य आपल्या मोठेपणाचे आहे. विजेत्याने जिंकलेल्यांच्या देवाची आकृती जशीच्या तशी ठेवली आणि आपल्या देवाच्या दारात टांगली, हे जगात फार ठिकाणी घडलेले नाही. ते लिहून ठेवले नाही तर हा मोठेपणाही पुसला जाईल.

खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला कारतलबखानाची फौज त्या खिंडीत कोंडली गेली. वळताही येणार नाही इतकी अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी दाट झाडी, वर मावळे. खानाबरोबर माहूरच्या रायबागन होत्या. त्यांच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली. महाराजांनी सामानसुमान आणि शस्त्रे घेतली, माणसे जिवंत सोडली. आज चावणी गावाजवळ त्या समरभूमीचे स्मारक आहे. जिंकणाऱ्याने काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा दाखला आमच्याच मुलखाने दिला आहे. त्या दाखल्याला साजेसे वागायचे तर आपण आणलेल्या वस्तूंचीही नोंद आपणच, स्वतःहून केली पाहिजे.

वाघनखांबद्दलही हेच म्हणायचे आहे. ती तीन वर्षांच्या बोलीने आली आहेत. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती. त्याच्या वंशजाने १९७१ मध्ये ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली हीच ती, असे ते संग्रहालय खात्रीने म्हणत नाही. आपल्या प्रेमाने या अनिश्चिततेला घाबरण्याचे कारण नाही. जे माहीत आहे ते माहीत आहे असे आणि जे परंपरेने सांगितले जाते ते परंपरेने असे लिहिले, तर शिवरायांचे काहीच उणे होत नाही. त्यांचा इतिहास पुराव्यावर भक्कम उभा आहे. ढिला पुरावा घट्ट म्हणून दाखवला की मात्र घट्ट पुराव्यावरही लोक शंका घेऊ लागतात. रघुजी भोसल्यांच्या तलवारीवर देवनागरीत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब कोरलेला आहे. म्हणूनच ती लिलावात ओळखू आली आणि सरकारला ठामपणे घेता आली. वस्तूवर लिहिलेला पत्ता काय करू शकतो, याचे हे ताजे उदाहरण आहे.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाने आणि पुराभिलेख संचालनालयाने मिळून जिंकून नेलेल्या व जिंकून आणलेल्या वस्तूंची एक नोंदवही सुरू करावी. तिच्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन असावे, ती कुठून कुठे गेली ते असावे, साल असावे आणि ज्या कागदात तिचा उल्लेख आहे तो कागद असावा. पुण्याचे पेशवे दप्तर आहे, १९१० पासून काम करणारे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, फारसी साधने मराठीत आणणारे सेतुमाधवराव पगडींसारख्यांचे काम आहे, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागद आहेत. बातमीपत्रांपासून बखरींपर्यंत साहित्य पडून आहे. ते या एका प्रश्नासाठी कोणी सलग वाचलेले नाही. चार फारसी जाणणारे, दोन पोर्तुगीज जाणणारे आणि मोडी वाचणारे तरुण एवढ्यांना दोन-तीन वर्षे पगार दिला तरी हे काम उभे राहील. मोडी शिकलेली मुले गावोगाव आहेत, त्यांना काम नाही.

दुसरी, ही नोंदवही मराठीत छापावी आणि सर्वांना वाचायला खुली करावी. ती अभ्यासकांच्या कपाटात राहिली तर पेठच्या शाळेतल्या मुलाला तिचा काय उपयोग?

तिसरी, ज्या ठिकाणाहून वस्तू गेली आणि ज्या ठिकाणी ती आली, त्या दोन्ही ठिकाणी फलक लावावेत. पेठला किल्लीचा, रायगडावर सिंहासनाचा, आणि त्याच दिवशी, त्याच अक्षरांत भीमाशंकर, मेणवली आणि नाशिकला घंटांचा. देवस्थानांना विश्वासात घेऊन, वसईच्या मंडळींना बोलावून हे करावे. घंटा परत द्यावी की नाही याचा निवाडा मी मागत नाही. भीमाशंकरच्या भक्तीत ती घंटा आता मिसळून गेली आहे आणि तो निर्णय कधी व्हायचा असेल तर तो दोन्हीकडच्या माणसांनी बसून करायचा आहे. तिच्या जन्मगावाचे नाव मात्र तिच्याजवळ असलेच पाहिजे.

चौथी विनंती आमच्या तालुक्यापुरती आहे. कोथळीगडाच्या पोटात कोरलेली गुहा आहे. तिच्या खांबांवर नाजूक नक्षी आहे. तिथूनच सुळक्याच्या आतून वर जाणारा कातळातला जिना कोरला आहे. हात दोन्ही भिंतींना टेकवत माणूस अंधारातून उजेडात चढतो. असा जिना सह्याद्रीत फार थोड्या गडांना आहे. गडावर आणि पेठेत जुन्या तोफा आहेत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे मुंबई-पुण्याहून माणसांची रीघ लागते. खांबांवर नावे कोरली जातात, टाक्यांत बाटल्या पडतात. गावातली माणसे येणाऱ्याला भाकरी करून घालतात, वाट दाखवतात, पाय मुरगळला तर पाठीवर घेऊन खाली आणतात. पण गडाचे राखणदार म्हणून त्यांना कोणी नेमलेले नाही. पेठ-आंबिवलीतल्या तरुणांना मानधनावर गडाचे रक्षक नेमा, त्यांना इतिहास सांगायचे शिक्षण द्या, गुहेच्या खांबांची शास्त्रशुद्ध नोंद आणि देखभाल करा, आणि कर्जतला एक लहान वस्तुसंग्रह उभा करा. तिथे कोथळीगड, भिवगड, सोंडाई, उंबरखिंड, कोंडाण्याची लेणी आणि स्वातंत्र्यलढ्यात सिद्धगडावर बलिदान दिलेले भाई कोतवाल व हिराजी पाटील या सर्वांची माहिती एका छपराखाली मिळावी.

इतकी तातडीची कामे असताना जुन्या किल्लीचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारील. या भागातली बरीच जमीन गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आणि बंगल्यांकडे गेली. डोंगर फोडले जातात, वाटा बंद होतात. आपण कोणत्या मातीवर उभे आहोत हे ज्याला माहीत असते तो ती माती सहजासहजी सोडत नाही. ज्या मुलाला माहीत आहे की आपल्या डोंगराची किल्ली एका बादशहाला छावणीत मागवून घ्यावीशी वाटली, तो मुलगा त्या डोंगराला भंगार समजणार नाही. माझ्या मते गावाच्या संसाराला इतिहासाचा सर्वांत थेट उपयोग हाच आहे.

औरंगजेबाच्या हाती गेलेली ती किल्ली आता कोणी परत देऊ शकत नाही. ती मागण्याचा हक्कही आता वस्तूवरचा उरलेला नाही, तो सत्यावरचा आहे. आमच्याकडून जे नेले त्याचे सत्य आम्हाला हवे आहे आणि आपण जे आणले त्याचे सत्य द्यायची आमची तयारी आहे. दोन्ही एकाच वहीत लिहिले गेले, तर उद्या महाराष्ट्र कोणत्याही देशाच्या संग्रहालयापुढे ताठ मानेने आपली वस्तू मागू शकेल. कारण मागण्यापूर्वी त्याने स्वतःच्या घरातला हिशेब मांडलेला असेल.

या वहीचे पहिले पान कोथळीगडाचे असावे आणि दुसरे भीमाशंकरच्या घंटेचे. कागद शोधायला, फलकासाठी जागा द्यायला, मुलांना गडावर नेऊन शिकवायला आमच्या तालुक्यातले शिक्षक, ग्रंथपाल, दुर्गप्रेमी आणि पेठचे गावकरी पुढे येतील, याची मला खात्री आहे. आपण खात्याला आदेश द्यावा. कामाला कर्जत तयार आहे.

आपला,
कर्जत तालुक्यातील एक रहिवासी